काळा-गोरा भेद (मुंबई)

काळा-गोरा भेद म्हणजे कातडीच्या रंगावरून माणसाची लायकी, चारित्र्य, लग्न, राहायची जागा असं सगळं ठरवणं. शाळेत आपण वर्णद्वेष हा शब्द दक्षिण आफ्रिकेच्या धड्यात वाचतो आणि ते लांबचं प्रकरण वाटतं, पण मुंबईने हा भेद दोन्ही बाजूंनी बघितलाय, आधी साहेबाने आपल्याला वागवलं तो आणि नंतर आपण आपल्याहून काळ्या माणसाला वागवतो तो. या दुसऱ्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

मराठीत रंगाच्या पायऱ्याच आहेत. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. स्थळाच्या जाहिरातीत गव्हाळपर्यंत लिहितात, त्याच्या खालचं सहसा कोणी लिहीत नाही. गरोदर बाईला बाळ गोरं व्हावं म्हणून केशराचं दूध देतात, मग बाळ झालं की त्याला डाळीचं पीठ चोळतात, आणि काळ्या विठोबाच्या पायावर डोकं ठेवणारं घरच सून उजळ पाहिजे म्हणतं, हे मला लहानपणापासून टोचत आलंय. फेअर अँड लव्हली ही क्रीम १९७५ साली मुंबईतल्याच कंपनीने बाजारात आणली. तिच्या नावातलं फेअर गेलं २०२० साली, जेव्हा अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसाने ठार मारल्यावर जगभर लोक रस्त्यावर उतरले होते.

शरीराचं बघायला गेलं तर प्रकरण अगदी छोटं आहे. कातडीच्या वरच्या पातळ थरात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते तयार करणाऱ्या पेशी काळ्या-गोऱ्या सगळ्यांत साधारण सारख्याच असतात, फरक पडतो तो मेलॅनिन किती आणि कुठल्या प्रकारचं बनतं याने. जिथे ऊन कडक तिथे पिढ्यानपिढ्या गडद कातडी टिकली कारण ती शरीरातलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व वाचवते, आणि ऊन कमी तिथे फिकी, कारण ड जीवनसत्त्व बनायला ऊन आत जावं लागतं. कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो.

शरीराला रंगाशी देणंघेणं नसतं याचं मुंबईचं स्वतःचं उदाहरण म्हणजे बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रक्तगट इथे शोधला म्हणून त्याला शहराचं नाव. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण ओ गटात असलेला एच अँटिजेनही (रक्तपेशींवरची एक खूण) यात नसतो, त्यामुळे या माणसाला ओ चं रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं, त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. आपल्याकडे साधारण १० हजारांत एखादा असा सापडतो आणि हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर तर गोऱ्या वंशाच्या लोकांतही याच्याशी मिळत्याजुळत्या गटाची माणसं सापडली. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर अशा माणसाला सख्ख्या भावाचं रक्त चालेलच असं नाही आणि गट जुळला तर समुद्रापलीकडच्या, वेगळ्या रंगाच्या माणसाचं चालू शकतं.

आता इतिहास. इंग्रजांच्या काळात कोटात (आजच्या फोर्टात) साहेब आणि बाहेर नेटिव्ह टाऊन अशी शहराची ढोबळ वाटणी होती, बऱ्याच चांगल्या हॉटेलांत आणि क्लबांत भारतीयांना दार बंद. हे आपल्याला पाठ असतं. पण आफ्रिकेतून आलेली माणसं या किनाऱ्यावर त्याच्याही आधीपासून आहेत हे कोणी सांगत नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जंजिऱ्याच्या सिद्दीने तर १६८९ मध्ये शिवडीला उतरून मुंबईलाच वेढा घातला आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. पुढे बोटींच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे आफ्रिकन खलाशी, ज्यांना गोरे सीडीबॉय म्हणायचे, ते डोंगरीच्या बाजूला राहायचे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली पोरं मुंबईत उतरवायचे, त्यातली काही नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांकडे वाढली, सुतारकाम लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत कुठेतरी वारला तेव्हा त्याचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यावर आणणाऱ्यांत तो होता, आणि चुमा, जो मुंबईत शाळेत शिकला होता, तोही होता. नाशिकला वाढलेली यातली काही माणसं पुढे मोंबासाजवळ फ्रेअरटाऊनला जाऊन राहिली, केनियात ती बॉम्बे आफ्रिकन म्हणून ओळखली जायची. तिकडे आपल्या शहराचं नाव त्यांच्या ओळखीत राहिलं आणि इथे आपण त्यांना साफ विसरलो.

महाराष्ट्रातल्या जातीविरुद्धच्या चळवळीने मात्र हे नातं ओळखलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ चं गुलामगिरी हे पुस्तक निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलं, बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.

आज नालासोपारा, मीरा रोडकडे आफ्रिकन व्यापारी, विद्यार्थी राहतात. घानाचा असो की टांझानियाचा, आपल्यासाठी तो नायजेरियनच, आणि नायजेरियन म्हटलं की ड्रग्ज हे डोक्यात पक्कं. हबशी हा शब्द मुळात फक्त अबिसिनियाचा, म्हणजे इथिओपियाचा माणूस एवढाच, आपण त्याची शिवी केली. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून विरारपर्यंत जाणारी माणसं काळ्या माणसाच्या बाजूची रिकामी जागा सोडून उभी राहिलेली मी स्वतः बघितलीत. ईशान्येकडच्या पोरापोरींनाही डोळ्यांवरून जे ऐकावं लागतं ते याच जातीचं.

भाड्याच्या घराचं तर सगळ्यात वाईट. एजंट फोनवर हो म्हणतो, माणूस समोर आला की सोसायटीचं कारण पुढे करतो. वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९६८ मध्येच मान्यता दिलीय, राज्यघटनेच्या कलम १४ मधली समानता परदेशी माणसालाही लागू आहे, पण ते बंधन मुख्यतः सरकारवर. खासगी मालकाने रंग बघून खोली नाकारली तर दाद मागायला वेगळा कायदा अजून नाही, आणि तो व्हायलाच पाहिजे.