मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं, त्यामागची गोष्ट

हेल्मेट, पॅड, शिन गार्ड, माउथगार्ड ही सगळी साधनं आधी मोठ्यांच्या खेळात आली आणि बराच काळ ती वापरणाऱ्याला भित्रा ठरवलं गेलं. 1874 मध्ये नॉटिंगहॅमच्या सॅम वेलर विडोसन यांनी क्रिकेटचे पॅड कापून फुटबॉल खेळताना नडगीवर बांधले. पुढे 1877 च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या फ्रेड थेयर यांनी बेसबॉलच्या कॅचरसाठी, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्यासाठी, तारेचा मुखवटा बनवला, तेव्हा लोकांनी त्याला उंदराचा सापळा म्हणून हिणवलं. 1959 मध्येही तीच वृत्ती होती. आइस हॉकीचा गोलरक्षक जॅक प्लांट यांचं नाक पकच्या, म्हणजे खेळातल्या कडक रबरी चकतीच्या, फटक्याने फाटलं, टाके घातले गेले आणि त्यानंतरच त्यांनी मुखवटा घालून खेळण्याचा हट्ट तडीस नेला. त्यांच्या प्रशिक्षकाला ते मुळीच पसंत नव्हतं.

लहान मुलांचं बोलताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. मूल आपल्या आवडत्या खेळाडूकडे पाहून खेळतं. तो बोडक्या डोक्याने उभा राहत असेल, तर आईवडिलांनी कितीही समजावलं तरी हेल्मेट त्याला ओझंच वाटणार.

क्रिकेटमध्ये हे चित्र बदलायला भलताच वेळ लागला. 1933 मध्ये इंग्लंडचे पॅट्सी हेंड्रेन लॉर्ड्सवर बायकोने शिवलेली, आतून रबर लावलेली टोपी घालून उतरले होते, पण ती कल्पना तिथेच राहिली. 1962 मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू लागून भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांची कवटी फुटली. ते वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्यांना रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. एवढं होऊनही कसोटीत पहिलं हेल्मेट दिसलं ते 1978 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यालप यांच्या डोक्यावर, आणि तेही बार्बाडोसलाच. 1998 मध्ये ढाक्यात शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभे असलेले भारताचे रमण लांबा डोक्याला चेंडू लागून मरण पावले.

मुलांसाठी ठोस पाऊल पडलं ते 2000 मध्ये. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 18 वर्षांखालच्या खेळाडूंनी कडक चेंडूसमोर फलंदाजी करताना, तसंच यष्टींना चिकटून यष्टिरक्षण करताना हेल्मेट घालावं अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिथला मुलांच्या क्षेत्ररक्षणाचा नियम. 15 वर्षांखालच्या मुलाने फलंदाजाच्या मधल्या यष्टीपासून 8 यार्डांच्या आत उभं राहायचं नाही, 13 वर्षांखालच्याने 11 यार्डांच्या आत नाही. ऑफ साइडला यष्टींच्या मागे उभ्या असलेल्यांना तेवढी सूट. इथे साधनाचा संबंधच नाही. मुलाला धोक्यापासून लांब उभं केलं, इतकंच.

मोठ्यांची साधनं लहान मापात कापून चालत का नाही, याचं कारण मुलांच्या शरीरात आहे. त्यांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मानेचे स्नायू दुबळे असतात. हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या, म्हणजे जिथून हाड वाढतं ते भाग, अजून मऊ असतात. मोठ्याला जिथे नुसती मुरगळ येते, तिथे मुलाच्या हाडाला इजा होऊ शकते. म्हणून ‘पुढच्या वर्षीही बसेल’ असा हिशेब करून मोठं हेल्मेट घेणं घातक. ते डोक्यावर फिरतं, डोळ्यांवर उतरतं आणि नेमक्या क्षणी कपाळ उघडं पडतं.

साधनाने फसवल्याचा सगळ्यात मोठा धडा मात्र अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावत, एकमेकांना धडकत खेळायच्या खेळाचा. 1905 मध्ये मैदानावरचे मृत्यू इतके वाढले होते की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पुढे 1939 मध्ये महाविद्यालयीन खेळात हेल्मेट सक्तीचं झालं. चामडं जाऊन कडक प्लास्टिक आलं, मग चेहऱ्यापुढे जाळी आली. डोकं इतकं झाकलं गेल्यावर खेळाडू डोक्यानेच धडक द्यायला लागले, आणि प्रशिक्षक तसं शिकवायलाही लागले. 1968 या एका वर्षात खेळताना झालेल्या इजांनी 36 जण मेले. पुढच्या काही वर्षांत हेल्मेटची प्रमाणं ठरवणारी संस्था उभी राहिली आणि 1976 मध्ये डोक्याने पहिली धडक द्यायला शाळा-महाविद्यालयांच्या खेळात बंदी आली. मानेच्या इजांमुळे येणारं अपंगत्व त्यानंतर झपाट्याने कमी झालं. 1931 पासून ठेवलेल्या नोंदींत थेट इजेने एकही मृत्यू न झालेलं पहिलं वर्ष 1990 होतं. हेल्मेटचा दर्जा सुधारला हे खरंच, पण खांद्याने टॅकल कर (समोरच्याला अडवून पाड), मान वर ठेव हे शिकवलं नसतं तर तेवढ्याने भागलं नसतं.

कॅनडातही असंच घडलं. नेत्रतज्ज्ञ टॉम पॅशबी यांनी 1970 च्या दशकात आइस हॉकी खेळताना डोळे गमावणाऱ्यांच्या नोंदी जमवल्या, त्यांच्या पाठपुराव्यातून मुलांना पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा सक्तीचा झाला आणि मुलांचे डोळे वाचले. नंतर मागून ढकलल्याने मणक्याला होणाऱ्या इजा पुढे आल्या. त्यावर उपाय म्हणून नियम कडक झाले, आणि 1990 च्या दशकात मुलांच्या जर्सीवर पाठीमागे लाल ‘स्टॉप’ची खूण शिवली जाऊ लागली. समोर पाठ दिसली की थांबायचं. सात वर्षांच्या मुलाला याहून सोपं काय समजावणार?

हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं. मेंदू आत हादरायचा तो हादरतोच. मेंदूच्या धक्क्याबद्दल जाणीव वाढली तशी मुलांच्या सुरक्षेची दिशाही वळली. 2009 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने कायदा केला की धक्का बसल्याची शंका असलेल्या मुलाला लगेच मैदानाबाहेर काढायचं आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत पाठवायचं नाही. 2011 मध्ये अमेरिकेच्या आइस हॉकी संघटनेने अंगाने धडक द्यायला परवानगी मिळण्याचं वय 13 वर नेलं. तिथल्या (पायाने खेळायच्या) फुटबॉलच्या संघटनेने 10 वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना चेंडू डोक्याने मारायला बंदी घातली, तर 11 ते 13 वयात सरावात तो किती मारायचा यावर मर्यादा आणली.