नावेवरील जुना चिकट थर काढणे

नावेच्या अंगावर राहिलेले जुने डांबर, ठिगळाखालचा वाळलेला सोल्यूशन, सांध्यातील सीलंट किंवा स्टिकरचा गोंद मूळ पृष्ठाला इजा न करता काढण्याची क्रिया. बेळगाव सीमाभागात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा व घटप्रभा या नद्यांकाठी ती नावेच्या डागडुजीतच मोडते. पुरात नाव म्हणून वापरली जाणारी गुळाची काईल (उसाचा रस आटवण्याची मोठी कढई) निव्वळ पत्र्याची असल्याने येथे तिचा विचार केलेला नाही.

बांबूच्या गोल नावेवर (कन्नड : हरिगोलु) डांबर केव्हा आले, याविषयी मतभेद आहेत. डोमिंगो पाइस या पोर्तुगीज प्रवाशाने सु. १५२० मध्ये विजयनगरजवळ पाहिलेल्या नावा आतून वेताच्या व बाहेरून चामड्याने मढवलेल्या होत्या. त्यांत पंधरा-वीस माणसे बसत. डांबराचा उल्लेख तो करीत नाही. इराकमधील ‘गुफा’ या गोल नावेला बाहेरून बिटुमेन (नैसर्गिक डांबर) लिंपतात, आणि या साधर्म्यावरून काही अभ्यासक भारतीय नावेचा उगम तिकडे शोधतात. तथापि बॅबिलोनला येणाऱ्या ज्या गोल नावांचे वर्णन हीरॉडोटसने केले आहे, त्याही कातड्याच्याच होत्या. साम्य आकाराचे आहे, लेपाचे नव्हे. चामड्याऐवजी प्लास्टिक व डांबर ही जोडी बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

खनिज तेलाचे डांबर रॉकेलने विरघळते. कोलटार (दगडी कोळशापासूनचे डांबर) त्याने अर्धवटच सुटतो, शिवाय त्यातील काही संयुगे कर्करोगकारक असल्याने हातमोजे आवश्यक. दोन्ही थंडीत ठिसूळ होतात. त्यामुळे हिवाळ्यात पहाटे ते तुकड्यांनी निघते, दुपारच्या उन्हात मात्र हाताला आणि हत्याराला चिकटत राहते. ज्योत लावल्यास खालचे प्लास्टिकच वितळते.

फायबरच्या नावेचा जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) जेमतेम अर्धा मिमी जाड असतो. तिथे खरवडण्यासाठी लोखंडी पत्री न वापरता प्लास्टिकची पट्टी वापरतात. स्टिकरचा गोंद शेंगतेल लावून ठेवल्याने मऊ पडतो, पण तेल साबणाने पुरते धुतले नाही तर नवा रंग धरत नाही. घट्ट झालेले पॉलियुरेथेन सीलंट कोणत्याही नेहमीच्या थिनरने विरघळत नाही, ते कापूनच काढावे लागते. रंग काढण्याचे मिथिलीन क्लोराइडयुक्त द्रव जेलकोटही खातात. अ‍ॅसिटोन हे द्रावक आधी कोपऱ्यावर लावून पाहावे. ते अत्यंत ज्वालाग्राही असून त्याची वाफ जमिनीलगत पसरते.

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांसारख्या प्रसंगी बचावकार्यात उतरणाऱ्या हवेच्या रबरी बोटींत कापड ओळखणे महत्त्वाचे : हायपॅलॉन (एक कृत्रिम रबर) टोल्यूइन या द्रावकाने पुसलेले सोसते, पीव्हीसी त्यात भिजत राहिल्यास मऊ पडते. जुना सोल्यूशन राहिल्यास ठिगळ कडेने सुटते. वापरलेल्या चिंध्या घाटापासून दूर, मोकळ्या हवेत वाळवतात.