घरात भरणारी मंडळी: चीनमधली आणि ब्राझीलमधली

मराठी प्रोटेस्टंट घरांत चर्चला अजूनही ‘मंडळी’ म्हणतात. हा शब्द इमारतीसाठी नाही, जमलेल्या माणसांसाठी आहे. मराठी बायबलातला पौलही प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम पाठवतो. त्यामुळे घरात भरणारं चर्च ही कल्पना आपल्याला परकी वाटत नाही. घोटाळा होतो तो पुढे. चीनमधली घरमंडळी, म्हणजे सरकारकडे नोंदणी न केलेली प्रोटेस्टंट मंडळी, आणि ब्राझीलमधले तळसमूह, म्हणजे कॅथलिक चर्चमधले साध्या माणसांचे छोटे गट, या दोन गोष्टी सर्रास एकाच दावणीला बांधल्या जातात. दोन्हीकडे पंधरावीस माणसं, एक बायबल, पाळक असेल-नसेल आणि गाणी. ‘विकेंद्रित ख्रिस्ती चळवळ, तिच्यातून समाजसुधारणा’ असं दोघांचं एका वाक्यात वर्णनही होतं. मला ते वाक्य खटकतं.

ब्राझीलपासून सुरू करू, कारण सुधारणेची गोष्ट खरी तिथली आहे. 1950 च्या दशकात बारा दो पिराई या भागात एका म्हातारीने बिशपांकडे गाऱ्हाणं नेलं, असं सांगतात. नाताळच्या रात्री प्रोटेस्टंटांची तीन देवळं उजळलेली, गाणी चाललेली, आणि पाद्री नाही म्हणून आपलं देऊळ तेवढं अंधारात. बिशप आन्येलो रोसी यांनी मग साध्या माणसांनाच प्रार्थना चालवायला शिकवलं. म्हणजे ही सुरुवात बंडातून झाली नाही, पाद्री पुरत नव्हते म्हणून झाली. तळसमूह पहिल्यापासून कॅथलिक चर्चच्या आतले, बिशपांच्या आशीर्वादाने चाललेले. ‘तळ’ याचा अर्थही दुहेरी: चर्चचा पाया आणि समाजातला तळागाळातला माणूस.

1964 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि या समूहांचा रंग पालटला. कामगार संघटना दडपल्या, पक्ष मोडले. चार माणसांनी बसून बोलायला जागा उरली ती प्रार्थनेची. 1968 मध्ये कोलंबियातल्या मेदेयीन इथे लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांनी गरिबीला अन्याय म्हटलं आणि या समूहांना बळ दिलं. समूहांची पद्धत तीन शब्दांची होती: पाहा, पारखा, करा. बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकातली मिसरातली (इजिप्तमधली) गुलामी वाचायची, मग विचारायचं, आपला फारो, म्हणजे गुलाम करणारा राजा, कोण? उत्तर कधी जमीनदार निघे, कधी वस्तीत नळ न देणारी नगरपालिका.

आणि ‘करा’ हा भाग नुसता बोलण्यापुरता नव्हता. साओ पावलोच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत आयांची मंडळं चालत. बाजारातल्या भावांचा हिशेब मांडता मांडता त्यांनी महागाईविरुद्ध मोहीम उभी केली आणि 1978 मध्ये, हुकूमशाही चालू असताना, दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. शहराचे आर्चबिशप पावलो एव्हारिस्तो आर्न्स यांनी 1973 मध्ये आपला राजवाडा विकून त्या पैशातून कडेच्या वस्त्यांत समूहांसाठी जागा उभ्या केल्या होत्या. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त भावते. 1975 मध्ये चर्चचा भूमी आयोग स्थापन झाला. त्याच्या आणि तळसमूहांच्या आधाराने भूमिहीन शेतकरी एकत्र आले, आणि 1984 मध्ये भूमिहीनांची चळवळ रीतसर उभी राहिली.

चीनची कहाणी दुसऱ्या टोकाची. तिथे घरात जमायचं कारण पाद्र्यांची टंचाई हे नव्हतं. 1954 मध्ये सरकारच्या पाठिंब्याने ‘त्रिस्वयं देशभक्त चळवळ’ स्थापन झाली आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी तिच्या छत्राखाली यावं असा आग्रह सुरू झाला. बीजिंगचे पाळक वांग मिंगदाओ यांनी नकार दिला. 1955 मध्ये त्यांना अटक झाली आणि आयुष्याची वीसहून अधिक वर्षं तुरुंगात गेली. 1966 नंतर सांस्कृतिक क्रांतीत सरकारमान्य चर्चही बंद पडली, तेव्हा विश्वास टिकला तो घराघरांत, हळू आवाजात.

स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रसार ही ‘तीन स्वयं’ची कल्पना मुळात चीनची नाही. एकोणिसाव्या शतकात ती मांडणाऱ्यांपैकी एक, रूफस अँडरसन, हे अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे सचिव होते, आणि आपल्या नगरकडचं अमेरिकन मराठी मिशन याच बोर्डाचं. याच मिशनमध्ये काम केलेल्या नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये ते सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठीही. मूळ विचार मंडळीने परक्या मिशनच्या हाताखालून सुटण्याचा. चीनमध्ये त्याच शब्दांनी मंडळीला सरकारच्या हाताखाली नेलं.

‘घर’ या शब्दावरही जाऊ नका. शहरांतल्या बऱ्याच घरमंडळ्या पुढे कार्यालयांच्या इमारतींत भरू लागल्या. बीजिंगच्या शोवांग मंडळीने तर इमारतीतला मजला विकत घेतला होता, पण किल्ल्या मिळाल्या नाहीत, म्हणून 2009 च्या नोव्हेंबरात ती बर्फात, उघड्यावर प्रार्थनेला उभी राहिली. ‘घर’ म्हणजे इथे ‘नोंदणी न केलेली’, एवढंच.

मग समाजाचं काय? 2008 च्या सिचुआन भूकंपात घरमंडळ्यांतले लोक मदतीला धावले. चेंगदूच्या ‘पहिला पाऊस’ मंडळीने राजकीय कैद्यांच्या कुटुंबांना आधार दिला, 4 जून 1989 च्या तियानानमेन दडपशाहीतल्या मृतांसाठी प्रार्थना केली. तिचे पाळक वांग यी मूळचे कायद्याचे प्राध्यापक. 2018 च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली आणि वर्षभराने नऊ वर्षांची शिक्षा. अटक होईल हे ओळखून त्यांनी आधीच एक निवेदन लिहून ठेवलं होतं. त्यात ते स्पष्ट सांगतात की आपली अवज्ञा देशाची राजकीय व्यवस्था बदलण्यासाठी नाही, देवाशी निष्ठा राखण्यासाठी आहे.

मला वाटतं, फरकाची मेख इथे आहे. साओ पावलोतल्या बायकांना भाव उतरवायचे होते, तसं त्या म्हणत होत्या. चेंगदूतल्या माणसांना फक्त परवानगी न मागता प्रार्थना करायची होती. पण सगळ्या जमावांवर सत्तेची नजर असलेल्या देशात, सत्तेच्या मालकीची नसलेली एक खोली हीच मोठी सामाजिक घटना ठरते. तिला मी सुधारणा म्हणणार नाही, पण तिचं मोल त्याहून कमी आहे असंही नाही.

आणि ‘विकेंद्रित’ हे विशेषण खऱ्या अर्थाने लागू पडतं ते चीनला. तळसमूहांच्या डोक्यावर बिशपांचं छप्पर होतं. ब्राझीलमधल्या रेसिफेचे आर्चबिशप एल्देर कामारा 1985 मध्ये निवृत्त झाले, नवे आर्चबिशप आले, आणि 1989 मध्ये गरिबांच्या बाजूने विचार करणारी तिथली धर्मशिक्षण संस्था रोमच्या आदेशाने बंद झाली. छप्पर सरकलं तसं अनेक ठिकाणचे समूह ओसरले. चेंगदूत पोलिसांनी मंडळीची जागाच काढून घेतली, पाळक तुरुंगात टाकला. त्यानंतर ती माणसं लहान लहान गटांत एकमेकांच्या बैठकीच्या खोल्यांत जमू लागली.