‘झाला फोटो!’ म्हटल्यावरच चेहरा का खुलतो?

परवा सहलीचे फोटो चाळत बसले होते. तीन दिवसांत चारशेच्या वर फोटो काढलेले. धबधब्यासमोर उभी, तटबंदीवर उभी, मावळतीच्या उजेडात उभी. जागा बदलत होत्या, चेहरा तोच होता. ओठ दोन्हीकडे ताणलेले, डोळे कोरे, खांदे वर ओढलेले. मग मधेच एक फोटो आला. मैत्रीण ‘झाला फोटो’ म्हणाली, मी हुश्श करून तिच्याकडे वळले, आणि तेवढ्यात तिचं बोट पुन्हा बटणावर पडलं. क्षितिज तिरकं आहे, माझा एक हात कडेला कापला गेलाय. घरात मात्र सगळ्यांनी एकमताने तोच निवडला.

अशा वेळी हमखास एक वाक्य ऐकू येतं: ‘काही जणांचा चेहराच फोटोजेनिक नसतो.’ हे मला अजिबात पटत नाही. चेहरा तर दोन्ही फोटोंत माझाच होता, आणि मधे पाच-सहा सेकंदांचंच अंतर होतं. त्या सेकंदांत बदलली ती मेंदूतून चेहऱ्यापर्यंत येणाऱ्या हुकुमाची वाट. ही गोष्ट मला इतकी सुंदर वाटते की तिच्यासाठी थोडं मागे, एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये जावं लागेल.

गिओम द्युशेन नावाचे एक फ्रेंच डॉक्टर होते. चेहऱ्याच्या त्वचेवर विजेची टोकं टेकवून ते एकेक स्नायू सुटा आकुंचित करून बघत. त्यांच्या प्रयोगांना सगळ्यात जास्त बसला तो एक वृद्ध माणूस. त्याच्या चेहऱ्याची संवेदना कमी झालेली होती, त्यामुळे त्याला हे प्रयोग दुखत नसत. १८६२ मध्ये द्युशेन यांनी हे सगळं फोटोंसकट छापलं. त्यांना दिसलेली मुख्य गोष्ट अशी: हसताना दोन वेगवेगळे स्नायू कामाला लागतात. एक गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत तिरका जातो, त्याचं नाव झायगोमॅटिकस मेजर. तो ओठांचे कोपरे वर आणि बाहेर खेचतो. दुसरा डोळ्याभोवती कड्यासारखा असतो, ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय. तो आकुंचला की गाल वर चढतात, खालची पापणी किंचित फुगते आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी बारीक सुरकुत्या पडतात. द्युशेन यांचं म्हणणं होतं की पहिला स्नायू आपलं ऐकतो, दुसरा ऐकत नाही. त्याला आतून आनंदच व्हावा लागतो.

चार्ल्स डार्विनना हे फोटो फार आवडले. त्यांनी त्यातला एक, विजेने ओठ ताणून आणलेल्या हसण्याचा, २४ जणांना दाखवला. तिघांना तो चेहरा काय सांगतोय हेच कळेना. बाकीच्यांना हसण्यासारखं काहीतरी आहे एवढं जाणवलं, पण कुणी म्हणालं हा हसायचा प्रयत्न करतोय, कुणाला त्यात दुष्ट थट्टा दिसली. १८७२ मध्ये डार्विननी हे लिहून ठेवलंय. आपल्या सहलीच्या अल्बममधला ‘स्माइल प्लीज’वाला फोटो हा त्याच जातीचा असतो, फक्त वीज बाहेरून लावलेली नसते.

‘चीज’ म्हणायला लावण्याची युक्ती इथेच फसते. त्या शब्दातला लांब ‘ई’ ओठ बाजूला ताणतो, दात दाखवतो, आणि तिथेच थांबतो. करून बघा. आरशासमोर ‘ई’ म्हणा, हाताने तोंड झाका आणि फक्त डोळ्यांकडे बघा. डोळ्यांत काहीच घडलेलं नसेल. मग नुकतीच घडलेली एखादी खरी गमतीची गोष्ट आठवा आणि पुन्हा तेवढेच डोळे बघा.

आता हे असं का? चेहऱ्याचे बहुतेक स्नायू बाकी शरीराच्या स्नायूंसारखे हाडाला हाड जोडत नाहीत. ते त्वचेत गुंततात, म्हणून त्यांची बारीकशी हालचालही बाहेर दिसते. त्यांना हुकूम देणारी नस दोन्ही बाजूंना एकेक, फेशिअल नर्व्ह, मेंदूतून निघणाऱ्या नसांमधली सातवी. ती ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूच्या देठातल्या, पेशींच्या एका पुंजक्यापासून सुरू होते. या पुंजक्यापर्यंत वरून संदेश येण्याच्या वाटा मात्र निरनिराळ्या आहेत. ‘हस’ असं आपण स्वतःला सांगतो तेव्हा संदेश मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मोटर कॉर्टेक्समधून निघतो. पेन उचलायचं, बटण लावायचं, तीच ही मुद्दाम करण्याच्या कामांची वाट. खरोखर हसू येतं तेव्हा संदेश भावनांशी जोडलेल्या आतल्या भागांतून आणि बेसल गँग्लिया नावाच्या गाभ्यातल्या केंद्रांच्या मदतीने येतो. शेवटची नस एकच, पण तिच्यापर्यंत पोचणारे रस्ते दोन.

हे दोन रस्ते खरंच वेगळे आहेत हे कळलं ते आजारांमुळे. पक्षाघाताच्या काही रुग्णांत मोटर कॉर्टेक्सकडून येणारी वाट एका बाजूला तुटते. डॉक्टर म्हणतात, ‘दात दाखवा बघू.’ चेहऱ्याचा खालचा भाग एकाच बाजूला हलतो, दुसरी बाजू पडलेली राहते. (कपाळ बहुधा वाचतं, कारण त्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून संदेश मिळतात.) पण तोच रुग्ण नातवंडाच्या बोलण्यावर मनापासून हसला की पडलेली बाजूही वर उचलली जाते. ओठांचे दोन्ही कोपरे सारखे हसतात. याच्या अगदी उलटे रुग्णही असतात. सांगितलं तर दोन्ही बाजूंनी व्यवस्थित दात दाखवतात, आणि विनोदावर हसताना एक बाजू मागे राहते. १९२४ मध्ये मोनराड-क्रोन या नॉर्वेच्या न्यूरॉलॉजिस्टने यावर सविस्तर लिहिलं. पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारात बेसल गँग्लियाचं काम बिघडतं, आणि माणूस सांगितल्यावर हसू शकला तरी आपसूक उमटणारे भाव कमी होत जातात, चेहरा मुखवट्यासारखा दिसू लागतो. एक रस्ता बंद पडला तरी दुसरा चालू राहतो, यापेक्षा ते वेगळे असल्याचा चांगला पुरावा कुठला हवा?

दोन्ही हसण्यांची चालही वेगळी असते. खरं हसू सावकाश, एका लयीत वर चढतं, तसंच ओसरतं. ते साधारण अर्ध्या सेकंदापासून चार सेकंदांपर्यंत टिकतं. मुद्दाम आणलेलं हसू झटक्यात चढतं आणि वाट बघत तिथेच थांबतं. आता सहलीतला प्रसंग आठवा. ‘थांब, मधे कुणीतरी आलं… सरक जरा डावीकडे… हं, एक, दोन…’ पंधरा सेकंद गेलेले असतात. इतका वेळ कुठलंही खरं हसू तगत नाही. मग जे उरतं ते नुसतं स्नायू धरून ठेवणं असतं.

इथे एक खुलासा हवाच. डोळे हसले की हसू खरं, नाहीतर खोटं, असा नियम करून लोकांचे चेहरे वाचणारे ‘बॉडी लँग्वेज तज्ज्ञ’ उदंड झालेत. नंतरच्या संशोधनात दिसलंय की बऱ्याच लोकांना डोळ्यांभोवतीचा स्नायू मुद्दामही हलवता येतो, आणि ओठ जोरात ताणले तर गाल आपोआप वर जातात. त्यामुळे द्युशेनचं हसू ही काही खोटं पकडण्याची यंत्रणा नव्हे. तीच गत ‘पॉवर पोज’ची. हातपाय ऐसपैस पसरून दोन मिनिटं बसलं-उभं राहिलं की शरीरातली हॉर्मोन्स बदलतात आणि माणूस धीट होतो, असं २०१० मध्ये ४२ जणांवरच्या प्रयोगातून सांगितलं गेलं. २०१५ मध्ये २०० जणांवर तसाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हॉर्मोन्समध्ये काही फरक सापडला नाही. मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेही पुढच्या वर्षी, हा परिणाम खरा आहे असं आपल्याला वाटत नाही, असं जाहीर केलं. तरीही कड्यावर उभं राहून कमरेवर हात ठेवलेल्या फोटोंखाली हा दावा आजही फिरतोय. पोज आवडत असेल तर जरूर द्या, हॉर्मोन्सचं नाव कशाला घ्यायचं?

पुन्हा आपल्या फोटोकडे. चेहऱ्याचं जे, तेच हातांचं. चालताना आपले हात कसे झुलतात याचा आपण कधी विचार करत नाही, म्हणून ते छान झुलतात. ‘हात कुठे ठेवू?’ हा प्रश्न पडला की जे काम आपोआप चाललं होतं त्यात आपण लक्ष घालतो आणि ते विस्कटतं. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने १९९८ मध्ये स्कीइंगची हालचाल शिकवणाऱ्या यंत्रावर लोकांना उभं केलं. काहींना सांगितलं, पायांनी जोर कसा देताय त्याकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायांखालच्या चाकांवर जोर कसा पडतोय त्याकडे लक्ष द्या. पाय आणि चाकं यांत अंतर ते किती! तरी चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. लक्ष आपल्या अंगावरून काढून बाहेरच्या वस्तूवर ठेवलं की शरीर आपलं काम नीट करतं, हे त्यानंतर कितीतरी कौशल्यांत दिसून आलंय.

म्हणून मी आता फोटो काढताना ‘हस’, ‘हात खाली घे’, ‘ताठ उभी राहा’ असं काही सांगत नाही. काम देते. ‘त्या पायऱ्यांवरून इकडे चालत ये.’ ‘टोपीची दोरी बांध.’ ‘खाली पाण्यात काय दिसतंय?’ आणि स्वतः फोटोत असले तर भिंगाकडे बघत नाही, फोन धरलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघते. भिंग बघून कुणाला हसू येत नाही, ओळखीचा चेहरा बघून येतं. अगदी भिंगातच बघायचं असेल तर आधी दुसरीकडे बघावं, आणि ‘तीन’ म्हटल्यावर वळावं. हसू ताजं असतानाच फोटो निघतो.

उभं राहण्याचंही सांगते. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून आपण सहसा फार वेळ उभे राहत नाही, भार एका पायावर जातो, दुसरा गुडघा सैल पडतो. ग्रीक शिल्पकारांना हे इसवी सनापूर्वी ४८०च्या सुमारास उमगलं. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात त्या काळातला एका मुलाचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच्या आधीचे पुतळे सावधानमध्ये उभे असल्यासारखे, हा मात्र नुसता उभा आहे.

उन्हाचा एक घोळ बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऊन तोंडावर घेऊन उभं राहिलं की डोळे बारीक करण्यासाठी तोच डोळ्यांभोवतीचा कड्यासारखा स्नायू कामाला लागतो, आणि सोबत भुवया जवळ आणणारा स्नायूही. मग आतून कितीही आनंद झालेला असो, फोटोत कपाळाला आठ्या आणि वैताग दिसतो. अशा वेळी सरळ सावलीत सरकावं किंवा ऊन बाजूने घ्यावं.

‘माझं नाक असं मोठं का येतं?’ याचं उत्तर मात्र निव्वळ भूमितीत आहे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतची खोली साधारण १२ सेंटीमीटर धरू. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक कॅमेऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर कान ४२वर. वस्तू जितकी दूर तितकी लहान दिसते, म्हणजे कानाच्या तुलनेत नाक १.४ पट मोठं दिसणार. कुणीतरी दीड मीटरवरून फोटो काढला तर हेच प्रमाण १६२ भागिले १५०, जेमतेम १.०८. दोष नाकाचा नाही आणि भिंगाचाही नाही, अंतराचा आहे. म्हणून मागची वास्तूही फोटोत हवी असेल तर तिला चिकटून उभं राहू नका. तिच्यापासून दूर, कॅमेऱ्याच्या बाजूला या, पण तीन-चार पावलं अंतर राहू द्या.

शिवाय आपण स्वतःला ओळखतो ते आरशातल्या, डावं-उजवं उलटलेल्या रूपात. १९७७ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगात मुलींना स्वतःच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलट. त्यांना स्वतःला बहुतेक वेळा आरशासारखी आवडली, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्या रूपाची सवय, ते रूप बरं वाटतं. तेव्हा ‘मी वाईट दिसतेय, डिलीट कर’ म्हणण्याआधी फोन सोबतच्या माणसाच्या हातात द्यावा. रोज तुम्हाला समोरून बघणारं माणूस ते आहे.

राहिला ग्रुप फोटो, आणि त्यात कुणाचे तरी मिटलेले डोळे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी पापण्या लवण्याचं गणित मांडून नियम काढला आणि त्यासाठी त्यांना २००६ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. माणसं वीसपेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात त्यांच्या संख्येला तीनने भागायचं, अंधुक उजेडात दोनने. तितके फोटो काढले की एखाद्यात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची चांगली खात्री. बारा जण असतील तर उन्हं असताना चार, संध्याकाळी सहा. मी त्यात आणखी एक मिळवते. ठरलेले सगळे काढून होतात, ‘झाला फोटो’ असं मोठ्याने म्हणते, रांग मोडून सगळे एकमेकांकडे वळतात, आणि फोन मात्र मी अजून खाली घेतलेला नसतो.