ड्राय नीडलिंग : जबडादुखी व डोकेदुखीवरील फिजिओथेरपी

ड्राय नीडलिंग म्हणजे स्नायूतल्या दुखऱ्या, ताठरलेल्या पट्ट्यात बारीक भरीव सुई टोचून तो सैल करण्याची फिजिओथेरपीतील पद्धत. इंजेक्शनच्या सुईसारखी ही सुई पोकळ नसते आणि तिच्यातून काहीच आत सोडले जात नाही, म्हणून ती ‘कोरडी’. चावताना जबडा दुखणे, तोंड पुरते न उघडणे, कानशिलात ठणका, मानेतून डोळ्यामागे चढणारी कळ अशा तक्रारींत ती वापरतात. पाठीला आणि खांद्यालाही हीच पद्धत लागू आहे. मात्र चेहऱ्यावर सुईला जागा कमी आणि शेजार नाजूक, त्यामुळे जबड्याचे नीडलिंग वेगळे शिकावे लागते.

इंग्लंडमधील जॉन केलग्रेन यांनी १९३८ साली स्नायूत तीव्र मिठाचे पाणी टोचून दाखवले की दुखणे टोचलेल्या जागी न राहता ठरावीक दूरच्या भागात उमटते. पुढे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी प्रत्येक स्नायूच्या अशा दुखण्याचे नकाशे तयार केले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या व्हाइट हाउसमधील डॉक्टर त्या याच. डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा ट्रिगर पॉइंटवरील, म्हणजे ताठ पट्ट्यातल्या दुखऱ्या गाठीवरील, ग्रंथ १९८३ मध्ये आला. त्यांचा भर मात्र भूल देणारे औषध टोचण्यावर होता. औषधाविना नुसत्या सुईनेही दुखणे उतरते, हे चेकोस्लोव्हाकियातील कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये मांडले. १९९४ साली संशोधक हाँग यांनी औषध आणि कोरडी सुई यांची तुलना केली. सुई टोचताना स्नायूला झटका बसला तर दोन्हींचा गुण येतो, फक्त कोरड्या सुईनंतर अंग जास्त ठणकते, असे त्यांना आढळले.

दुखते एकीकडे, मूळ दुसरीकडे

गालावर हात ठेवून दात आवळले की टणक होणारा स्नायू म्हणजे मॅसेटर. त्याच्या वरच्या थरातले दुखणे दाढांमध्ये आणि भुवईवर उमटते, खोल थरातले कानात. दाढ दुखते म्हणून रूट कॅनॉल झाले, मग दाढच काढली, आणि कळ होती तिथेच राहिली, असे रुग्ण जबड्याच्या प्रत्येक दवाखान्यात भेटतात. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस वरच्या दातांत आणि कपाळाच्या कडेला दुखवतो. जबड्याच्या सांध्याला पुढून धरणाऱ्या लॅटरल टेरिगॉइडचे दुखणे सांध्यात किंवा गालाच्या हाडाखाली जाणवते आणि अनेकदा सायनस म्हणून खपून जाते.

डोकेदुखीच्या बाबतीत मानेकडे पाहावेच लागते. खांद्याच्या वरच्या ट्रॅपेझियसमधील कळ मानेच्या बाजूने चढून कानामागून कानशिलाकडे आकड्यासारखी वळते. कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणारा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड डोळ्याभोवती, कपाळात आणि कधी विरुद्ध बाजूच्या कपाळातही दुखवतो. सोबत भोवळही येऊ शकते. कवटीच्या तळाचे छोटे सबऑक्सिपिटल स्नायू डोक्याच्या मागून डोळ्यापर्यंत पट्टा आवळल्यासारखे करतात.

हे घडते कसे, याविषयी एकमत नाही. ट्रिगर पॉइंटपाशी चेता आणि स्नायू जुळतात तेथे ॲसिटिलकोलीन हे आकुंचनाचा संदेश देणारे रसायन गरजेपेक्षा जास्त सुटते, तंतू आखडतात, रक्तपुरवठा घटतो, ही प्रचलित मांडणी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शाह व सहकाऱ्यांनी २००५ साली सूक्ष्म सुईतून गाठीजवळचा द्रव तपासला. त्यात वेदना वाढवणारी द्रव्ये जास्त होती आणि स्नायूच्या झटक्यानंतर त्यांतली काही उतरली. उलट २०१५ मध्ये क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी ही कल्पनाच तपासून नाकारली. दोन तपासनीस एकाच रुग्णाला बोटांनी चाचपून गाठीची जागा एकच सांगतील याची खात्री नसते, हा त्यांचा आक्षेप अजून खोडला गेलेला नाही.

सुईआधीची तपासणी

जबड्याच्या विकारांसाठी २०१४ पासून डीसी-टीएमडी हे निकष वापरतात. मॅसेटर आणि टेम्पोरॅलिसवर बोटाने सुमारे १ किलो दाब २ सेकंद द्यायचा. कळ दुसरीकडे पसरते का हे पाहायचे असेल तर ५ सेकंद. सांध्याच्या टोकावर अर्धा किलो पुरे. १ किलो म्हणजे किती, हे हाताला आपसूक कळत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर बोट दाबून त्याचा सराव करावा, तो स्वस्तही पडतो. ‘दुखतं’ या उत्तरावर निदान होत नाही. एवढ्या दाबाने कुणाचाही गाल थोडा दुखतोच. ‘हीच ती, रोजची कळ’ असे रुग्ण म्हणाला तरच नोंद करायची.

तोंड किती उघडते ते वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरून मोजतात. मोठ्या माणसात ४० ते ५० मिलिमीटर नेहमीचे. घरी अंदाज घ्यायचा तर स्वतःच्याच तीन बोटांची पेरे उभी आत जातात का पाहावे.

सुई लावायची नाही अशी माणसे या टप्प्यावरच वेगळी काढायची असतात. पन्नाशीपुढे नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, चावता चावता जबडा थकून दुखणे, डोक्याची त्वचा दुखणे ही जायंट सेल आर्टेरायटिस या धमन्यांच्या दाहाची खूण असू शकते. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवून ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्या करवाव्यात. श्रम करताना खालच्या जबड्यात येणारी आणि विसाव्याने जाणारी कळ हृदयाची असू शकते. विजेसारखी क्षणिक कळ ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची, म्हणजे चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या चेतेच्या दुखण्याची. तोंडच उघडत नसेल आणि अंग ताठ होत असेल तर धनुर्वाताची दातखीळ डोक्यात ठेवावी. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याचे डोके त्या गोळ्यांमुळेच दुखत असेल, तर मानेत कितीही सुया टोचल्या तरी ते थांबत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीची सवय मोडलेली नाही. हातमोजा घालून गालाच्या आतून बोट फिरवले आणि दोरीसारखे पांढुरके, न ताणणारे पट्टे लागले, तर तो सबम्यूकस फायब्रोसिस आहे. तोंड उघडत नाही ते आतल्या अस्तरामुळे, स्नायूमुळे नव्हे. असा रुग्ण सुईचा नव्हे, तर मुखरोगतज्ज्ञाचा. या अवस्थेतून कर्करोग होऊ शकतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्तस्रावाचा विकार, त्या जागी त्वचेचा संसर्ग, क्षीण प्रतिकारशक्ती, गर्भारपण, गालात भरलेला फिलर किंवा नुकतेच घेतलेले बोटॉक्स यांत टाळावे किंवा डॉक्टरांशी बोलून ठरवावे. सुईची मनस्वी भीती असलेल्याला आग्रह करू नये. घाबरलेला जबडा सैल पडत नाही.

सुई आणि हात

चेहऱ्यासाठी ०.१६ ते ०.२५ मिलिमीटर जाडीच्या, १५ ते ३० मिलिमीटर लांबीच्या सुया पुरतात. खांद्याला ०.३० पर्यंत जाड आणि ४० ते ५० मिलिमीटर लांब सुई लागू शकते. प्रत्येक सुई निर्जंतुक पाकिटात, प्लास्टिकच्या नळीत येते आणि एकदाच वापरायची असते. रुग्ण आडवा हवा. बसवून टोचल्यास चक्कर येऊन पडण्याची शक्यता असते.

मॅसेटरचे काम असे चालते. रुग्ण उताणा, मानेखाली पातळ उशी. दात आवळायला सांगून स्नायूच्या पुढच्या-मागच्या कडा शोधायच्या, मग जबडा सैल सोडायला सांगायचे. जबड्याच्या खालच्या कडेवर, मॅसेटरच्या पुढच्या बाजूला चेहऱ्याच्या धमनीचे ठोके बोटाला लागतात. ती जागा सोडायची. गालाच्या हाडापासून बोटभर खाली लाळेची नळी आडवी जाते, मागे पॅरोटिड ग्रंथी असते, आणि चेहऱ्याच्या चेतेच्या फांद्या वरून पसरलेल्या असतात. म्हणून स्नायूचा मधला आणि खालचा फुगीर भाग बरा. त्वचा स्पिरिटने पुसून वाळू द्यायची. दोन बोटांमध्ये ताठ पट्टा पकडून त्यावर नळी टेकवायची, वरच्या टोकावर टिचकी मारायची, नळी काढायची, आणि सुई त्वचेला काटकोनात १० ते २० मिलिमीटर सरकवायची. मग काही मिलिमीटर आत-बाहेर करत पट्टा शोधायचा. योग्य जागा सापडली की गळाला मासा लागावा तसा स्नायू एकदा फडकतो. दिशा बदलायची असेल तर सुई आधी त्वचेखाली मागे घ्यावी लागते. स्नायूत असतानाच वळवली तर ती वाकते आणि तंतू फाटतात. काढल्यावर कापसाने अर्धा ते एक मिनिट दाबून धरायचे. गालावरचा निळा डाग आठवडाभर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे इथे घाई नको.

टेम्पोरॅलिसला कानापुढची धमनी आधी ठोक्यांवरून शोधावी. खाली लगेच हाड आहे. सुई हाडाला टेकली की टोक बोथट होते, तीच पुढे वापरली तर जास्त दुखते. केसांना खोबरेल लावून आलेल्या रुग्णाची त्वचा स्पिरिटने नीट पुसली जात नाही, तेव्हा त्या दिवशी तेल लावू नका हे आदल्या फोनवरच सांगावे.

ट्रॅपेझियसला स्नायू चिमटीत उचलून सुई आपल्याच बोटाच्या दिशेने ठेवतात, छातीकडे कधीच नाही. फुप्फुसाचे टोक तिथे फार वर असते. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडलाही चिमटच हवी, कारण त्याच्याखाली कॅरोटिड धमनी आहे. मानेच्या वरच्या टोकाला मणक्याची धमनी आणि कवटीच्या तळाचे छिद्र असल्याने सबऑक्सिपिटलला सुई अनुभवी हातानेच लावावी. लॅटरल टेरिगॉइडपर्यंत गालाच्या हाडाखालून जावे लागते, वाटेत मॅक्सिलरी धमनी आणि शिरांचे जाळे. स्पेनमध्ये या स्नायूवर चाचण्या झाल्या असून निकाल चांगले आहेत. तरीही पहिल्या भेटीत तिथे जाण्याचे कारण सहसा नसते. बऱ्याच जणांचे मॅसेटर आणि मान हाताळूनच भागते.

नंतरचे काम

टोचलेली जागा एक-दोन दिवस ठणकते. गरम शेक, जबडा हलकेच उघड-मीट, आणि त्या दिवशी मऊ भात, खिचडी, वरण. चिकट चिंगम, कडक चकली, ऊस नको. मोठी जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरावी.

सुईने मिळते ती काही दिवसांची सवलत. तेवढ्यात दात आवळण्याची सवय पकडली नाही तर दुखणे परत येते, आणि रुग्ण म्हणतो, ‘सुईचा गुण दोन दिवसच टिकतो.’ ‘न’ म्हणताना जीभ टाळूला जिथे टेकते तिथे ती सैल ठेवायची, ओठ मिटलेले, दात सुटे. फोन वाजला, सिग्नल लागला की एकदा तपासायचे. झोपेत दात खाणाऱ्याला दंतवैद्याकडून स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचा साचा, लागतो. भेटी आठवड्याला एक. तीन-चार भेटींत तोंडाचे माप आणि दुखणे दोन्ही जागचे हलले नाहीत तर निदान नव्याने करावे.

काय बिघडते

आयर्लंडमधील फिजिओथेरपिस्टांच्या ७,६२९ उपचारांच्या २०१४ मधील नोंदींत सुमारे १९ टक्के वेळा किरकोळ त्रास झाला, बहुतेक वेळा काळेनिळे डाग, थोडे रक्त आणि वेदना; गंभीर एकही नाही. २०२० मधील २०,४६४ उपचारांच्या मोठ्या नोंदणीत किरकोळ त्रास सुमारे ३७ टक्के, गंभीर प्रकार २०.

सुई स्नायूत अडकली तर ओढू नये. रुग्णाला जबडा सैल सोडायला सांगून थांबावे, आजूबाजूला हलके चोळावे, ती सुटते. ट्रॅपेझियसनंतर काही तासांनी छातीत टोचणे, धाप, कोरडा खोकला आला तर फुप्फुसाभोवती हवा शिरली का ते एक्स-रेने पाहायलाच हवे. केसांत सुई राहून जाणे हा टाळता येण्याजोगा प्रमाद. पाकिटे आणि काढलेल्या सुया मोजूनच रुग्णाला उठवायचे.

जबड्याच्या स्नायुदुखीत दुखणे अल्पकाळ कमी होते याला आधार आहे, महिनोन्महिने टिकते याला कमी. खोटी सुई आणि खरी सुई यांतला फरक रुग्णाला कळतो, त्यामुळे चाचण्या घेणेच अवघड जाते.

अमेरिकेत फिजिओथेरपिस्टला हे करता येते का, ते राज्याराज्यात वेगळे आहे, आणि ॲक्युपंक्चरवाल्यांचा त्याला विरोध आहे. सुई दोघांची सारखीच. ॲक्युपंक्चरमध्ये जागा मेरिडियनवरून, म्हणजे शरीरात मानलेल्या ऊर्जेच्या वाटांवरून, ठरते, इथे हाताला लागलेल्या पट्ट्यावरून. भारतात फिजिओथेरपी २०२१ च्या सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याखाली येते. पण पदवीने सुईचा हात आपोआप येत नाही, तेव्हा चेहऱ्याचे प्रशिक्षण कुठे घेतले हे विचारायला संकोचू नये. वापरलेली सुई जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जाते. तो डबा टेबलाजवळ दिसला नाही तर बाकीचे विचारण्याची गरज उरत नाही.