धूम्रपान आणि अंडाशयाचा कर्करोग

विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांना अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका किती, हे त्या कर्करोगाच्या प्रकारावर ठरते. अंडाशयाचा कर्करोग हा एकच आजार धरून सगळ्या रुग्ण एकत्र मोजल्या, तर धूम्रपानाचा संबंध जेमतेम दिसतो. बरीच वर्षे नेमके हेच होत राहिले.

२०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ५१ अभ्यासांतील २८,११४ रुग्ण स्त्रियांची माहिती प्रकारवार तपासली, तेव्हा चित्र उलगडले. म्युसिनस, म्हणजे बुळबुळीत स्राव तयार करणाऱ्या पेशींच्या गाठींचा धोका धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत सुमारे १.८ पट आढळला. त्यातही वाढ जास्त होती ती 'बॉर्डरलाइन' गाठींत, ज्या क्वचितच जीवघेण्या ठरतात. सर्वाधिक आढळणाऱ्या सीरस प्रकारात फरक पडला नाही. एंडोमेट्रिऑइड आणि क्लिअर सेल या प्रकारांचा धोका उलट थोडा कमी निघाला. अर्थात फुप्फुस आणि हृदयाचे नुकसान पाहता त्यात समाधान मानण्याजोगे काही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ च्या फेरआढाव्यातच म्युसिनस गाठींचा तंबाखूजन्य कर्करोगांत समावेश केला होता.

म्युसिनस गाठीच्या पेशी बऱ्याचदा आतड्याच्या अस्तरासारख्या दिसतात आणि त्यांत केरास (KRAS) या, पेशींच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकातील बदल वारंवार सापडतो. निकोटिनपासून बनणारे कोटिनिन अंडपुटिकेतील, म्हणजे अंडाशयात अंडे वाढते त्या पिशवीतील द्रवातही मिळते, म्हणजे धुराचे अंश अंडाशयापर्यंत पोहोचतात. पुढची साखळी मात्र पूर्ण जुळलेली नाही. निदानातही एक मेख आहे. एकाच बाजूची, दहा सेंटिमीटरहून मोठी, चिकट द्रवाने भरलेली गाठ बहुधा अंडाशयाचीच असते. दोन्ही बाजूंना लहान गाठी असल्या, तर आतडे, अपेंडिक्स किंवा जठरातला कर्करोग तिथे पसरल्याची शंका आधी घ्यावी लागते. जुन्या नोंदींत अशी सरमिसळ बरीच आहे.

धूम्रपान सोडल्यावर हा वाढीव धोका ओसरतो, पण त्याला दोन-तीन दशके लागतात.

भारतात २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणानुसार धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया २ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के होत्या. महाराष्ट्रात तंबाखू म्हटले की बायकांच्या बाबतीत आधी मिश्रीच आठवते. धोक्याचे वरचे आकडे धुराचे आहेत. ते मिश्रीला तसेच लावता येत नाहीत. मिश्रीचा ठळक धोका तोंडाच्या कर्करोगाचा आहे.