लॅमिनेट काउंटरटॉप

स्वयंपाकघराचा ओटा, दुकानाचा काउंटर, प्रयोगशाळेतील किंवा कार्यशाळेतील टेबल यांवर बसवला जाणारा तयार पृष्ठभाग. लाकडी भुशाच्या किंवा तुकड्यांच्या जाड बोर्डावर, राळेत भिजवून दाबलेल्या कागदाची पातळ व कठीण शीट चिकटवून तो बनवतात. या शीटला बोलण्यात ‘सनमायका’ म्हणतात. हे मुळात एक व्यापारी नाव आहे, पण आता ते कोणत्याही कंपनीच्या शीटला सर्रास लावले जाते.

ही शीट प्लास्टिकची असते असा समज आहे. प्रत्यक्षात तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग कागदाचा असतो, उरलेला राळेचा. कापलेली कड उजेडात धरून पाहिली की ते पटते. वरचा रंगीत थर केसाएवढा, आणि त्याखाली गडद तपकिरी रेघ. ही रेघ म्हणजे क्राफ्ट कागदाचे, म्हणजे पाकिटे व पिशव्यांसाठी वापरतात त्याच जातीच्या मजबूत तपकिरी कागदाचे, एकजीव झालेले थर. ओट्यासाठीच्या शीटची एकूण जाडी साधारण ०.६ ते १.२ मिमी. असते.

शीट तयार करताना क्राफ्ट कागद फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळेत भिजवून वाळवतात. नक्षी छापलेला कागद मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड राळेत भिजवतात. सगळ्यात वर अगदी पातळ असा एक कागद असतो. राळ भिनली की तो पारदर्शक होतो आणि खालच्या नक्षीला झिजण्यापासून वाचवतो. हा गठ्ठा पोलादी पाटांमध्ये ठेवून दर चौरस सेंमी.ला ५० किग्रॅ. किंवा त्याहून जास्त दाबाखाली १२० अंश से.च्या वर तापवतात आणि दाब तसाच ठेवून थंड करतात. दाब आधीच काढला तर शीट वाकते. पाटावर जो पोत कोरलेला असतो तोच शीटवर उठतो. चकचकीत, मॅट, लाकडाच्या रेषांचा असा फरक पडतो तो पाटामुळे. या उष्णतेत राळ कायमची घट्ट होते आणि पुन्हा वितळत नाही. लॅमिनेटचा टिकाऊपणा आणि त्याच्या पुनर्वापरातील अडचण, दोन्हींचे मूळ इथेच आहे.

या पदार्थाचा जन्म स्वयंपाकघरासाठी झाला नाही. रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळेपासून बेकेलाइट हे प्लास्टिक तयार केले. अमेरिकेत डॅनियल ओ’कॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी तशीच राळ वापरून विजेच्या उपकरणांसाठी थरांचे विद्युतरोधक बनवले आणि १९१३ मध्ये सिनसिनाटी येथे कंपनी काढली. तोपर्यंत या कामी अभ्रक, म्हणजे मायका, वापरत. मायकाच्या जागी वापरायची वस्तू म्हणून नाव पडले फॉर्मायका. फिनॉलची राळ मुळातच काळपट असल्याने सुरुवातीच्या शीट काळ्या किंवा तपकिरीच निघत. १९२७ मध्ये गडद गाभा झाकणारा अपारदर्शक थर देऊन त्यावर लाकडाची किंवा संगमरवराची नक्षी छापण्याची रीत निघाली. खरी कलाटणी मिळाली ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस, मेलामाइनमुळे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस लीबिग यांनी १८३४ मध्येच हे रसायन तयार केले होते, पण शंभर वर्षे त्याचा मोठा उपयोग कोणाला सापडला नव्हता. त्याची राळ रंगहीन आणि अतिशय कठीण असते, त्यामुळे पांढरा, पिवळा, आकाशी असे फिके रंग शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणी वाढली तशी ही रंगीत शीट ओट्यांवर आली. पुढे तिच्याकडे अस्सल वस्तूची स्वस्त नक्कल म्हणून पाहिले जाऊ लागले. १९८१ मध्ये मिलान येथे डिझायनर एत्तोरे सॉटसास यांच्या मेम्फिस या डिझायनरांच्या गटाने भडक नक्षीची लॅमिनेट मुद्दाम मिरवणारे फर्निचर मांडले, ते या दृष्टीलाच दिलेले उत्तर होते. लाकडाची किंवा दगडाची नक्कल न करणारे लॅमिनेट आजही सर्वांत देखणे दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लॅमिनेटचा ओटा खराब होतो तो बहुधा वरून नव्हे, तर कडेने. वरची मेलामाइनची पातळी पाणी आत घेत नाही. तेल, चहा, हळद वेळीच पुसली तर डाग राहत नाही. आतला बोर्ड मात्र पाण्यापुढे हतबल असतो. पार्टिकल बोर्डात लाकडाचे तुकडे गोंदासह दाबून बसवलेले असतात. पाणी लागले की दाबलेला तुकडा सुटतो आणि फुगतो. वाळल्यावर तो पहिल्या जाडीवर परत येत नाही, म्हणून एकदा उठलेला फुगवटा कायमचा. सिंकच्या पुढच्या बाजूची अरुंद पट्टी, दोन तुकड्यांचा सांधा आणि नळाभोवतीचे भोक ही त्याची ठरलेली ठिकाणे. सिंकच्या कडेवरून बोट हळूच फिरवले तर डोळ्यांना दिसण्याआधीच बोटाला उंचवटा लागतो. खालून पाहिल्यास बोर्ड तिथे दाणेदार आणि सैल झालेला असतो.

त्यामुळे बसवण्याच्या कामात कडेवर लक्ष देणे सर्वांत महत्त्वाचे. सिंकसाठी बोर्ड कापल्यावर त्याची उघडी पडलेली कड सिलिकॉन, व्हार्निश किंवा तत्सम लेपाने पूर्ण बंद करावी लागते. हे काम झाकले जात असल्याने ते टाळण्याचा मोह फार होतो. पाच मिनिटांचा तो लेप ओट्याचे आयुष्य अनेक वर्षांनी वाढवतो. कापलेल्या भागाचे आतले कोपरे राऊटरने, म्हणजे लाकूड कोरण्याच्या फिरत्या पात्याच्या यंत्राने, गोल करतात, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच शीटला तडा जातो. सांध्यात पाणी न शिरणारा गोंद किंवा सीलंट भरून खालून बोल्टने तो आवळतात. डिशवॉशर ओट्याखाली असेल तर दार उघडताच वाफ पुढच्या कडेच्या पोटाला लागते, म्हणून तिथे संरक्षक पट्टी मारतात.

बोर्डाच्या खालच्या बाजूलाही साधी, बिननक्षीची शीट चिकटवणे आवश्यक असते. हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो-आकसतो. एकाच बाजूला शीट असेल तर ओढ एकतर्फी पडते आणि ओटा धनुष्यासारखा वाकतो. याच कारणाने जाणते सुतार शीट आणि बोर्ड चिकटवण्याआधी एक-दोन दिवस एकाच खोलीत ठेवतात.

पुढची कड दोन-तीन प्रकारे झाकतात. त्याच शीटची पट्टी लावली तर कोपऱ्यावर तपकिरी रेघ दिसत राहते. एबीएस किंवा पीव्हीसी या प्लास्टिकची पट्टी यंत्राने चिकटवली तर ती दिसत नाही. पोस्टफॉर्म प्रकारात शीट तापवून बोर्डाच्या गोल कडेवरून खाली वळवतात, त्यामुळे तिथे सांधाच उरत नाही. पाण्याच्या दृष्टीने हा उपाय सर्वांत भरवशाचा, मात्र त्यासाठी खास वळणारी शीट लागते.

वापरात सांभाळायचे ते मुख्यतः उष्णतेपासून. आचेवरून उतरवलेली कढई थेट ठेवली की वरचा थर करपतो किंवा खालचा गोंद सैल होऊन पोपडा उठतो. सुरीचे वारही उमटतात, आणि गडद, चकचकीत पृष्ठभागावर ते जास्त दिसतात. दगड किंवा लाकूड घासून नवे करता येते, लॅमिनेट येत नाही, कारण नक्षी कागदाच्या एकाच पातळ थरात असते. काथ्याने किंवा खरखरीत पावडरीने घासल्यास चमक जाते. ॲसिटोनसारखे द्रावक ते सहज सोसते, तीव्र आम्ले आणि ब्लीच मात्र फार वेळ राहू देऊ नयेत.

नावाचा एक घोटाळा ग्राहकाला महागात पडतो. मेलामाइन बोर्ड या नावाने मिळणाऱ्या वस्तूत नक्षीचा कागद बोर्डावर कमी दाबाने थेट बसवलेला असतो, त्यामागे क्राफ्ट कागदाचा आधार नसतो. कपाटाच्या बाजूंना तो उत्तम, पण ओट्यावर लवकर झिजतो. उलट टोकाला कॉम्पॅक्ट लॅमिनेट येते. क्राफ्ट कागदाचे थर वाढवत नेऊन १२ मिमी. किंवा त्याहून जाड केलेली ही शीट बोर्डाशिवाय उभी राहते. तिच्यात फुगणारा गाभाच नसल्याने ती प्रयोगशाळा व स्नानगृहांत वापरतात.

फॉर्माल्डिहाइड हा कर्करोगकारक वायू आहे. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, टाकले. पूर्ण घट्ट झालेल्या शीटमधून तो फारच कमी सुटतो, मुख्य उगम असतो आतल्या बोर्डातील यूरिया-फॉर्माल्डिहाइड गोंद. त्यामुळे ओटा घेताना नक्षीइतकीच बोर्डाच्या उत्सर्जन श्रेणीचीही चौकशी करावी. युरोपीय मानकांत कमी उत्सर्जनाची श्रेणी ई-१ या खुणेने दाखवतात. बोर्डाच्या उघड्या कडा आणि भोके बंद केल्याने वायूचे उत्सर्जनही घटते.